डाव्या हाताची होडी

आमच्या घरी होडी आली तेव्हा माझ्या सासऱ्यांना पोहता येत नव्हतं. सासूबाईंना येत होतं, पण आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात मांडीवर पडून असायचा, उजव्या पायावर भार टाकता यायचा नाही, आणि शब्द जिभेपर्यंत येऊन भलतीकडे वळायचे. ‘खिडकी’ म्हणायचं असलं की तोंडातून ‘चमचा’ यायचं. आपण चुकीचं बोललो हे त्यांना तिथल्या तिथे कळायचं. डोळ्यांत राग यायचा, मग पाणी यायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. गाव तलावाच्या काठावर. लहानपणी आजोबांचा डोंगा घेऊन, म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली होडी घेऊन, त्या एकट्या तलावात जायच्या. लग्न झाल्यावर कोराडीला आल्या, कारण सासरे तिथल्या वीजकेंद्रात मेन्टेनन्सला होते. सगळा संसार कॉलनीत झाला. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख बसायची, ती झटकण्यात वर्षं गेली. सासरे रिटायर झाल्यावर दोघं नागपूरच्या नंदनवनात आमच्या घरी राहायला आले. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भाजी निवडताना आई कधी कधी म्हणायच्या, “आमच्या इकडं दारात पाणी होतं वं. इथं नळाले येते तेवढंच.” तक्रार नसायची त्यात. नुसतं सांगणं.

आजारानंतर एका रविवारी आम्ही त्यांना गाडीत घालून शहरातल्या एका तलावावर नेलं. डॉक्टर म्हणाले होते, बाहेर काढा, चार माणसं दिसू द्या. माणसं भरपूर होती. कणसं, फुगे, मोबाइलवर फोटो काढणारी पोरं. व्हीलचेअर कठड्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण पुढे पायऱ्या होत्या. आईंनी डावा हात कठड्यातून बाहेर काढला आणि पाण्याच्या दिशेने लांब केला. पाणी खूप खाली होतं. हात तसाच थोडा वेळ लांब राहिला, मग त्यांनी तो आत घेतला आणि पदराला पुसला, जणू ओलाच झाला होता. मी बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, पण त्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर दिवाळीच्या आधी कधीतरी बाबांनी होडी आणली. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नागपूर सोडून मुलीकडे राहायला चालले होते. त्यांच्या बंगल्यात ती ताडपत्रीखाली उभी होती. माझ्या नवऱ्याचा शेतीच्या पंपांचा धंदा आहे, त्याच्या पिकअपला ट्रेलर जोडून ती आमच्या गल्लीत आली तेव्हा समोरच्या घरातल्या काकू फाटकात येऊन उभ्या राहिल्या. होडी आमच्या पोर्चमध्ये अर्धीच मावली. पुढचं नाक आत, मागचा भाग गल्लीत.

हे कपाळाला हात लावून उभे होते. “बाबा, तुमाले पोहता येते का?”

“नाही.”

“मग?”

“तुझ्या आईले येते.”

“येत होतं, बाबा.”

बाबा वाकले आणि ट्रेलरच्या चाकांखाली विटा लावू लागले.

खरं सांगायचं तर मलाही ते वेड वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तर बाबा होडीत बसले होते आणि त्यांनी मला हाताने बोलावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं बोलणं चहा, औषध आणि वीजबिल याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं. त्या दिवशी ते तासभर बोलले.

होडी लांबीला आमच्या गाडीपेक्षा थोडी मोठी. एकेकाळी पांढरी, आता जुन्या दातासारखी पिवळट. पुढच्या भागात एक बुटकी केबिन, दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढी. मागे उघडी जागा, दोन्ही बाजूंना समोरासमोर लांब बाकं. बाबांनी बाकाची फळी उचलून दाखवली. खाली ठासून फोम भरला होता. “पाणी भरलं तरी बुडत नाही ही,” ते म्हणाले, आणि मला जाणवलं की हे वाक्य त्यांनी स्वतःलाही अनेकदा म्हणून दाखवलेलं असणार. होडीच्या पोटात मधोमध एक उभी खाच होती. तिच्यातून एक जड फळी पाण्यात खाली सोडायची. वारा बाजूने ढकलतो तेव्हा ती फळी पाण्यात पाय रोवते, म्हणून होडी सरकत न जाता पुढे जाते. काठ जवळ आला की दोरी ओढून फळी वर घ्यायची. मागचं सुकाणूही तसंच वर उचलता येत होतं. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर बसवलेली. खिळा काढला की आडवी होते आणि रस्त्यावर होडीच्या पाठीवर झोपून प्रवास करते.

“मोठं जहाज बंदरात राहते,” बाबा म्हणाले. “ही सगळं दुमडून घरी येते. म्हणून घेतली. तिले जितकं जमेल तितकं न्यायचं, थकली की घरी.”

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “अन् बेटा, आणखी एक पाह्य. उजव्या बाकावर बसलं, तोंड मधात केलं, की डावा हात कुठं येते?”

मी उजव्या बाकावर बसून पाहिलं. केबिनची भिंत माझ्या उजव्या खांद्याला टेकली. डावा हात आपोआप मागच्या बाजूला, सुकाणूच्या दांड्यावर आला.

त्या होडीत त्यांनी हेच पाहिलं होतं. त्या गृहस्थांच्या बंगल्यात बसून पाहिलं होतं, की हिचं निकामी अंग भिंतीला टेकेल आणि चांगला हात कामाला येईल. मी उठले आणि चहाचा कप आत नेऊन ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. जरा वेळ लागला बाहेर यायला.

पुढचे काही आठवडे पोर्चमध्ये करवत आणि पॉलिश पेपरचा आवाज चालला. बाबांनी टेप घेऊन आईंच्या पलंगाची उंची मोजली आणि उजवं बाक तेवढंच उंच केलं, म्हणजे पलंगावरून उठायची सवय झालेल्या शरीराला ते ओळखीचं वाटेल. सुकाणूचा दांडा लांब केला आणि पकडायच्या जागी जाड सुतळी गुंडाळली. एक गुळगुळीत लाकडी फळी केली, तिला मेण घासलं. चिखलात होडी टेकली की खुर्ची आणि होडी यांच्यामध्ये ती टाकायची आणि आईंनी तिच्यावरून बसल्या बसल्या सरकत आत यायचं.

एका गोष्टीवर मात्र आमचं अडलं. बाबांनी गाडीतला पट्टा आणून बाकाला लावला.

“बाबा, हा नको,” मी म्हटलं.

“तोल गेला तर पडेल ती.”

“अन् होडी कलंडली तर? बांधलेली राहतील आई.”

त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. वीजकेंद्रात आयुष्य काढलेला माणूस, सुरक्षेसाठी बांधून घ्यायचं हेच त्यांना माहीत. शेवटी त्यांनी स्क्रू काढले. “मग तू जवळ बसशील?” त्यांनी विचारलं. अशा रीतीने माझी जागा ठरली.

शिडाचं कामही माझ्याकडेच आलं. जुनं शीड कुजलेलं होतं. शिवाय शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते, होडी वळली की ती सपकन या बाजूची त्या बाजूला जाते. इतरांनी डोकं खाली घ्यायचं. आईंना ते जमणार नव्हतं. म्हणून बाबांनी काठी वर सरकवली आणि नवं शीड आखूड शिवायचं ठरलं. मी घरी ब्लाउज शिवते, बऱ्याच वर्षांपासून. इतवारीत कापड शोधायला गेले तर दुकानदाराने विचारलं, मंडपाले पाहिजे का, कनातीले पाहिजे? मी शीड म्हटलं तर तो जिन्याच्या शिड्यांचं दुकान पुढच्या गल्लीत आहे असं सांगू लागला. शेवटी एक घट्ट विणीचं नायलॉन मिळालं.

मी ते जुन्या शिडावर ठेवून सरळ कापलं आणि जोडलं. डोलकाठीवर चढवून पाहिलं तर चादरीसारखं सपाट लटकलं. बाबा म्हणाले, त्या गृहस्थांच्या शिडाले पोट होतं, याले नाही. मी जुनं शीड उसवून पाहिलं आणि लक्षात आलं. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा सरळ नव्हत्या, थोड्या वळवून जोडल्या होत्या. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर टक्स, म्हणजे चिमटून शिवलेल्या चुण्या, घ्यावे लागतात. हे मी रोजच करते. पण सासऱ्यांना समजावून कसं सांगायचं?

“बाबा, म्हणजे हे असं... बायकांच्या कपड्यात जसं...” मी थांबले.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं, आणि त्यांनी नजर पोर्चच्या छताकडे नेली. तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला. आई खुर्चीत बसून हसत होत्या. अर्धं तोंड हलत होतं, पण पोट गदगदत होतं. आजारानंतर त्यांना मी पहिल्यांदाच तसं हसताना ऐकलं. मग मीही हसले आणि बाबा “करा, तुमचं तुमी करा” म्हणत आत निघून गेले.

शीड होईपर्यंत आम्ही पोर्चमध्येच चढण्याउतरण्याची तालीम सुरू केली. होडी ट्रेलरवरून उतरवून जुन्या टायरांवर ठेवली. फळीवरून सरकताना पहिल्या दिवशी आई मध्येच अडकल्या आणि घाबरून माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघी होडीत पडलो. पण नंतर जमू लागलं. पुढे तर त्या संध्याकाळी स्वतःच बोट दाखवू लागल्या, होडीत बसवा म्हणून. नंदनवनच्या गल्लीत, कोरड्या फरशीवर, होडीत बसून त्या चहा प्यायच्या. डावा हात सुकाणूवर. समोरच्या काकू फाटकावरून विचारायच्या, “कुठपर्यंत पोचल्या जी?” आणि आई हनुवटीने दूर कुठेतरी दाखवायच्या.

बाबा त्या काळात सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊ लागले. सत्तरीच्या माणसाला शिकवायला तिथला मास्तर आधी तयार नव्हता. पोहणं त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, पण जॅकेट घालून न घाबरता तरंगणं आलं. शीड झाल्यावर होडी कशी चालवायची ते त्या निवृत्त गृहस्थांनी नागपूर सोडण्याआधी काही रविवार तलावावर नेऊन शिकवलं. बाबा आणि हे, दोघं भिजून घरी यायचे आणि जेवताना एकमेकांच्या चुका सांगायचे. बापलेक इतकं बोलताना मी आधी पाहिले नव्हते.

थंडीत एका सकाळी आम्ही आईंना रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेलं. तिथे आधी जाऊन, विचारून, जागा पाहून ठेवली होती, उताराची आणि चिखल कमी असलेली. ह्यांनी ट्रेलर मागे मागे घेत पाण्यात उतरवला आणि होडी आपसूक तरंगली. मग ती ओढून काठाशी टेकवली. फळी टाकली. आई सरकल्या, एकदाही न थांबता, आणि उजव्या बाकावर बसल्या. नारिंगी जॅकेटमध्ये त्यांचा चेहरा एवढासा दिसत होता. हे काठावर राहिले. तोंडाने हसत होते, पण गुडघाभर पाण्यात उतरून उभे होते.

बाबांनी वल्ह्याने होडी ढकलली, खोल पाण्यात आल्यावर पोटातली फळी खाली सोडली आणि शीड वर ओढलं. मी शिवलेलं शीड. आधी फडफडलं, मग भरलं. इंजिन नाही, आवाज नाही, आणि होडी चालू लागली. बुडाखाली पाण्याचा खळखळ आवाज येत होता. आईंनी मान वळवून तो ऐकला.

सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलावा, त्याच्या उलट होडी वळते. हे आम्हाला समजायला फार वेळ लागला होता. आईंनी एकदा चुकवलं, होडी भलतीकडे गेली, आणि दुसऱ्यांदा त्यांनी दांडा बरोबर हलवला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “पाहून राहिली ना?” मी पाहत होते. आईंच्या ओठांची चांगली बाजू घट्ट मिटलेली होती, पोळी लाटताना मिटायची तशी.

आम्ही बरेच आत गेलो होतो तेव्हा टेकडीच्या बाजूने एकाएकी जोराचा वारा आला. होडी आईंच्या बाजूला कलली. बाक खाली गेलं, पाणी कडेपर्यंत आलं, आईंच्या साडीचा काठ भिजला. मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. समोरच्या बाकावर बाबा होते. शीड ज्या दोरीने धरून ठेवतात ती त्यांच्या हातात होती. अशा वेळी काय करायचं हे त्यांना पाठ होतं, दोरी ढिली सोडायची, शीड वारा सांडून देतं, होडी सरळ होते. पण त्यांनी दोरी आणखी घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला होता. भीती वाटली की माणूस हातात असेल ते धरून ठेवतो.

“बाबा!” मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही.

“सोड,” आई म्हणाल्या. मग मोठ्याने, “सोड गा. सोड.”

बाबांची मूठ उघडली. दोरी सरसर गेली, शीड फडफडलं आणि होडी उठून सरळ झाली. सगळं पुन्हा शांत झालं, फक्त शीड हलत होतं. आईंचा हात अजून सुकाणूवरच होता.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मीही. शब्द स्वच्छ होता, जिथे हवा तिथे पडलेला. पण बाबा वेगळ्याच कारणाने बघत होते, ते मला क्षणभराने कळलं. उभ्या आयुष्यात आईंनी त्यांना ‘तुमी’ आणि ‘जी’ याशिवाय हाक मारली नव्हती. ऐकता काय जी, जेवता काय जी. ‘गा’ त्या भावाला म्हणायच्या, दीराला म्हणायच्या, शेतावरच्या गड्याला म्हणायच्या.

“मले गा म्हणाली ती,” बाबा म्हणाले. हसायला लागले, मग हसता हसता डोळे पुसू लागले. “आयकलं का बेटा? मले गा म्हणाली.”

आईंना आपण काय बोललो ते कळलं. चांगल्या बाजूचा गाल लाल झाला. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शब्द आला नाही, आणि त्या तो शोधतही बसल्या नाहीत. डावा हात सुकाणूवरून काढला, खाली वाकवला आणि मनगटापर्यंत पाण्यात घातला. बाबांनी मला खुणेने दांडा धरायला सांगितलं. होडी हळूहळू जात होती. आईंच्या बोटांमागे पाण्यात लहानशी रेघ उमटत होती. काठावरून हे दोन्ही हात हलवून काहीतरी विचारत होते. आम्ही कोणीच उत्तर दिलं नाही.

त्यानंतर आई चालू लागल्या असं झालं नाही. उजवा हात तसाच राहिला. शब्द परत आले, सगळे नाही, पण घर चालवायला पुरतील इतके, आणि चुकीचा आला तरी आता त्या थांबत नाहीत, दुसरा शोधतात. बाबांना त्या घरात अजूनही ‘जी’ म्हणतात. पाण्यावर मात्र ‘गा’. हा नियम कोणी ठरवला नाही.

होडीचंही वय दिसू लागलंय. माझ्या शिडाला मी दोनदा नव्या पट्ट्या लावल्या. बाबांचा खांदा दुखतो, त्यामुळे डोलकाठी आता मी आणि हे मिळून उभी करतो, आणि दोरी माझ्या हातात असते. बाबा बुटक्या केबिनमध्ये पाय दुमडून पडतात आणि झोप लागली तर लागते. आई सुकाणू धरतात आणि मधूनच मला सांगतात, “डावीकडं वारा आहे वं,” किंवा, “फळी वर घे.”

परवाच्या थंडीत परतताना आम्ही रामटेकच्या रस्त्यावर थांबून उकडलेले शिंगाडे घेतले. आई पिकअपमध्ये पुढे, माझ्या शेजारी. मला वाटलं सोलून द्यावे, तर त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली. शिंगाडा दातात धरला, डाव्या हाताने साल ओढली, थोडं तुटलं, थोडं तसंच राहिलं. सोललेला पहिला शिंगाडा त्यांनी माझ्या तोंडासमोर धरला. मी तोंड उघडलं. मागे ट्रेलर खडखडत होता आणि गाडी चालवता चालवता हे सांगत होते की पुढच्या वेळी चाकांतली हवा आधी तपासली पाहिजे.